चाळिसावा ठोकळा

घरी ती थोरली, पण वर्गात तिला सगळे 'मॅडम' म्हणत. त्यात आदर कमी आणि अंतर जास्त होतं. बाकीची मुलं तेवीस-चोवीसची, कॉलेजातून थेट इथे परदेशात आलेली. ही बत्तीस वर्षांची, वडिलांच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात सात वर्षं घासून आलेली. शिकायला होती आंतरराष्ट्रीय व्यवसाय आणि लॉजिस्टिक्स मॅनेजमेंट अशी दोन्हींची मिळून जोड पदवी. सकाळी एका इमारतीत परदेशी करार आणि चलनं, दुपारी मैदान ओलांडून दुसऱ्या इमारतीत गोदामं, कंटेनर आणि मालाच्या वाटा. मधल्या सुट्टीत मुलं घोळक्याने मैदान ओलांडायची आणि ही त्यांच्या दहा पावलं मागून. चालायला हळू होती म्हणून नव्हे. घोळक्यात शिरायचं कुठून, ते तिला कळत नसे.

राहायची खोली तिसऱ्या मजल्यावर. एक खाट, एक टेबल, एक खुर्ची. दुसरी खुर्ची नाही. इथे दुसरं कोणी येणार नाही हे खोली सजवणाऱ्यालाही ठाऊक असावं. स्वयंपाकघर सहा जणींत एक, आणि प्रत्येकीच्या फळीवर नावाची चिठ्ठी. आठवड्यातून एखाद्या वेळी कोणीतरी 'तुमचं दूध उतू चाललंय' म्हणायची. थोरलीला तेवढंही बरं वाटे. एकदा तर तिने दूध मुद्दाम जरा वेळ उकळू दिलं होतं, पण ते कोणाला सांगण्यासारखं नाही.

रविवारी आईचा फोन यायचा.

"जेवलीस का?"

"जेवले. बाबा आहेत?"

"आहेत. पेपर वाचताहेत."

चौदा महिने बाबा पेपरच वाचत होते. एवढा मोठा पेपर दर रविवारी कोण छापतं, देव जाणे.

झालं होतं ते असं. बाबांचे चार ट्रक. माल कसा भरायचा ते सगळं त्यांच्या डोळ्यांत. कागद नाही, मोजमाप नाही. हमालाने खोका ठेवला की बाबा त्यावर दोन थापा मारत. हमाल हसायचे, पण थापा पडल्याशिवाय पुढचा खोका कोणी उचलत नसे. "पहिली थाप, बसलास का विचारायला. दुसरी, आता बस म्हणून सांगायला," असं त्यांनी थोरलीला ती पहिल्यांदा गोदामात आली तेव्हा सांगितलं होतं. तिने शिकायला जायचं काढलं तेव्हा मात्र त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"ट्रक भरायला शिकायला दोन वर्षं? मग इथे सात वर्षं काय केलंस?"

"तुम्ही सांगाल ते केलं," ती म्हणाली.

म्हणायला नको होतं. किंवा हवंच होतं. त्या दिवसापासून बाबांनी अबोला धरला. विमानतळाच्या गाडीला बसवून द्यायला स्टेशनवर आले, बॅग वर चढवली, बॅगेवर दोन थापा मारल्या आणि तोंडातून अक्षर न काढता निघून गेले.

दुसऱ्या वर्षी दुपारच्या विषयाला एक प्राध्यापिका आल्या. दर वाक्यात साखळी: पुरवठ्याची साखळी, माहितीची साखळी. मुलांनी त्यांना साखळीबाईच करून टाकलं. बाईंनी वर्गात एक लाकडी ट्रक आणला, हातभर लांब, आणि लहानमोठ्या वजनांचे चाळीस ठोकळे. जे आधी उतरायचं ते शेवटी भरायचं, दोन्ही बाजूंच्या चाकांवर भार सारखा यायचा, आणि चाळीसही ठोकळे घालून मागचं दार लागायचं. मुलांनी तिसाच्या आसपासच हात टेकले. थोरलीने एकोणचाळीस बसवले. एक उरला.

"कॉम्प्युटर अकरा सेकंदांत चाळीस बसवतो," बाई म्हणाल्या. "उत्तर बघायचंय?"

"नको," थोरली म्हणाली. वर्ग हसला. वर्षभरात तिच्यामुळे वर्ग पहिल्यांदाच हसला होता, तेही असं.

पुढचा प्रकल्प प्रत्येकाने एक खोका दूर कुठेतरी पाठवायचा, असा होता. आत काडेपेटीएवढं एक नोंद-यंत्र. ते मिनिटामिनिटाला तापमान टिपतं, धक्का बसला की टिपतं, आणि झाकण उघडून उजेड आत आला की तेही टिपतं. माल मिळाला की स्वीकारणाऱ्याने लाल बटण दाबून यंत्र बंद करायचं आणि परत पाठवायचं. मुलांनी मावश्यांना, मित्रांना खोके पाठवले. थोरलीने बाईंकडून तो लाकडी ट्रक मागून घेतला, त्याच्या केबिनवर यंत्र घट्ट चिकटवलं, ठोकळे सुटे भरले आणि पत्ता घातला बाबांच्या ऑफिसचा, बाबांच्या नावाने. खोका हातात घ्यायचा तर सही तरी करावी लागेल. बोलू नका, निदान सही करा, एवढंच तिचं मागणं होतं.

पोचपावती आली. सही हमालाची होती.

त्या दिवशी ती खाटेवर बसून रडली. मग उठून भांडी घासली, कारण एकटीने रडायचं तरी किती वेळ.

यंत्र काही परत येईना. मुलांची यंत्रं आली, तक्ते झाले. शेवटी आईच ऑफिसात गेली आणि यंत्र उपटून पाठवून दिलं.

"बटण दाबलंस ना?" थोरलीने विचारलं.

"मला कुठलं ते कळतंय! आणि तुझे बाबा तर हात लावू देईनात. ते हात धुवायला गेले तेव्हा काढून आणलं. म्हणे, फेरी संपली नाही अजून. कसली फेरी, त्यांचं त्यांना ठाऊक. खोक्यातून ट्रक टेबलावर काढलेला, ठोकळे सगळीकडे. गोदामातला पसारा कमी होता!"

थोरलीचं डोकं फिरलं. बोलायचं नाही ते नाही, वर शिक्षणातही काड्या घालायच्या! बाईंनी नोंदी पाहिल्या आणि सुस्कारा टाकला. "शेवटची कडी तुटली बघ. स्वीकारणाऱ्याने सूचना पाळली नाही. पोचल्यानंतरचे एकोणीस दिवस आणि परतीचा प्रवास कापून टाक, निव्वळ कचरा आहे."

दुपारी संगणक-खोलीत बसून ती कापायला लागली. प्रवासाची रेघ सरळ होती. मग पोचल्याचा दिवस. दुसऱ्या दिवशी तिकडच्या दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी झाकण उघडलेलं. वीस मिनिटं उजेड. तिसऱ्या दिवशीही एक दहा. एक दहाला हमाल जेवायला जातात आणि बाबा मागच्या खोलीत एकटे डबा खातात. चौथा दिवस, पाचवा. रविवार आला. रविवारी ऑफिस बंद असतं. रविवारीही एक दहाला उजेड होता, आणि तो चांगला दोन तास.

तिने धक्क्यांची रेघ मोठी करून पाहिली. बारीक बारीक टोकं, पण सुटी नव्हती. जोडीने होती. दोन. मग थोडी जागा. परत दोन.

बाईंना तो कचरा दिसला यात बाईंची चूक नव्हती. त्या कधी बाबांच्या गोदामात उभ्या राहिल्या नव्हत्या.

थोरली बोट ठेवून जोड्या मोजू लागली. पहिल्या दिवशी सव्वीस. आठवड्याने तेहतीस, मग छत्तीस. शेवटच्या पाच दिवसांत रोज एकोणचाळीस. रोज एकोणचाळीस, आणि त्यानंतर बराच वेळ नुसताच उजेड.

म्हणजे ते तिथेच बसून होते. तोच एक ठोकळा हातात घेऊन. संगणकासमोर तिचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसले नाहीत. शेजारच्या मुलाने पाहिलं तर पाहू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पहिला तास बुडवला. इकडच्या सकाळी तिकडे एक वाजून बारा मिनिटं होत होती. तिने आईचा मोबाइल नाही, ऑफिसचा फोन लावला. पाच वेळा रिंग झाली.

"हॅलो, ट्रान्सपोर्ट," बाबा म्हणाले. तोंडात घास होता.

चौदा महिन्यांचं सगळं तिच्या ओठांवर गोळा झालं.

"चाळिसावा आडवा ठेवून बघितलात?" तिने विचारलं.

पलीकडे डब्याचं झाकण ठेवल्याचा आवाज आला, मग खुर्ची सरकल्याचा. आता फोन ठेवणार, असं तिला वाटलं.

"आडवा घातला की दार लागत नाही," बाबा म्हणाले. "थांब, फोन ठेवू नकोस. ट्रक इकडे घेतो."