शिंकांच्या हंगामातली चिलमची

मी चिलमची बोलतेय. नाव ऐकून गोंधळलात ना? रुंद काठाचं तांब्याचं घमेलं डोळ्यांसमोर आणा, त्यावर जाळीचं झाकण ठेवा, की झाले मी तयार. पाहुण्यानं माझ्यावर हात धरायचे, यजमानानं तोटीच्या आफताब्यातून पाणी घालायचं आणि मळकं पाणी जाळीखाली गडप. जगाचा मळ पोटात घालायला माझा जन्म झाला, आणि मला त्याचा भारी अभिमान आहे.

शहागंजातल्या एका तांबटानं मला ठोकून ठोकून आकार दिला. देवगाव रंगारीच्या सगीराचं लग्न ठरलं तेव्हा तिच्या वडिलांनी मला तिच्या सामानात दिलं. पुढं रोशन गेटजवळ तिचा फ्लॅट झाला, भिंतीला बेसिन आलं आणि मी माळ्यावर गेले. वीस वर्षं माझ्यात लसूण भरलेला होता.

बेसिनवर माझा राग नाही. राग माणसांवर. बेसिन समोर असून कुणी त्याच्याकडं ढुंकून बघायचं नाही. सगीराचा नवरा कय्युम तर मूठ तोंडावर धरून शिंकायचा आणि त्याच मुठीनं आल्यागेल्याशी हात मिळवायचा. इस्त्री मोडू नये म्हणून खिशातला रुमाल घडीचाच राहायचा. मी वरून सगळं बघत होते, पण लसणाखालून बोलणार कशी?

यंदा डिसेंबरात त्यांच्या मुलाला, जावेदला, मुलगा झाला. झीशान. दीड महिना आधीच आला आणि पंधरा दिवस काचेच्या पेटीत राहिला. घरी सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मोठ्यांची साधी सर्दी याला झेपायची नाही. बाळाला घेणाऱ्यानं आधी साबणानं हात धुवायचे. ज्याला सर्दी आहे त्यानं लांब राहायचं." आणि तेव्हा शहरात घरोघरी कुणी ना कुणी नाक पुसत होतं.

झीशानची आई रुक्सार सरळ बोलणारी. कय्युमची थोरली बहीण तबस्सुम फर्दापूरहून एस.टी.नं आली आणि पिशवी ठेवून थेट पाळण्याकडं वळली. रुक्सार म्हणाली, "फुफी, पहिलं हात धुवून या."

झालं. "मी काय उकिरड्यावरून आले व्हय गं?" असं म्हणून तबस्सुमनं चहाचा कप सरकवला आणि परतीची एस.टी. धरली. थोरली नणंद चहा न घेता गेली, म्हणजे घराचं नाकच गेलं. कय्युम सुनेवर तडकला, सून रडली. तीन दिवसांवर बाळाचा अकीका, म्हणजे जावळाचा सोहळा होता, चाळीस माणसं यायची होती. हात धुवा म्हणावं तर नाती तुटतात, न म्हणावं तर लेकरू पुन्हा पेटीत जायची भीती.

संध्याकाळी सगीरा लसूण काढायला शिडीवर चढली. तिचा हात माझ्या काठाला लागला आणि ती तिथंच थांबली.

"रुक्सार," ती वरूनच म्हणाली, "हात धुवा म्हटलं की माणूस रागावतो. हातावर पाणी घातलं की त्याला मान वाटतो. टोपली आण, हा लसूण वत तिच्यात."

मला नवी कल्हई झाली. वीस वर्षांनी अंगाला ऊन लागलं, काय सांगू तुम्हाला!

अकीक्याच्या दिवशी थंडी असूनही सगीरानं खिडक्या उघड्या ठेवल्या. दारात जावेद कोमट पाणी घेऊन उभा. त्याची युक्ती ऐका. थोडं पाणी घालायचं, साबण द्यायचा आणि आफताबा वर धरून खुशाली विचारायची. फेसाळ हातांचा माणूस जाणार कुठं? तो बोलत राहतो, हात चोळत राहतो. बोटांच्या बेचक्या, नखं, सगळं निघालं की मग पाणी.

"जावयाचा बी येवढा मान नसतोय रं," शेजारच्या दगडाबाई हात पुढं करत म्हणाल्या.

सगीरानं तीनदा फोन केला म्हणून तबस्सुमही आली. जावेद चारचौघांत मला घेऊन आधी तिच्यापुढं वाकला. तिनं माझ्या काठावरून बोट फिरवलं. "आमच्या अब्बांकडं बी अशीच होती," म्हणाली, आणि एकदा सोडून दोनदा हात धुतले. मग बाळ तिच्या मांडीवर आलं. माझा तर आनंद जाळीत मावेना.

तेवढ्यात कय्युम आला, मुठीत शिंकला आणि तेच हात बाळाकडं नेले. तबस्सुमनं बाळाला घेऊन पाठ फिरवली.

"लांब हो. ते हात हिकडं आणू नको."

"आपा, मी आजोबा हाय त्याचा."

"म्हणूनच सांगते. सर्दी जाऊ दे, मग ये."

रुक्सारनं ओढणीत हसू लपवलं, बाकीच्यांना तेही जमलं नाही.

कय्युम बापडा बाहेरच्या खोलीत झोपू लागला. रोज नवा रुमाल, शिंक रुमालात, रुमाल धुण्यात. सहा दिवस तो दारातून, हात पाठीमागं बांधून, नातवाला बघत होता. दोन महिन्यांपासून पाळण्याची दोरी आणून ठेवलेला माणूस तो. मला त्याचं फार वाईट वाटलं.

आता मी दाराजवळच्या स्टुलावर असते. तुमच्याकडं चिलमची नसेल, पण तांब्या असेल, साबण असेल. आल्यागेल्याला हुकूम सोडू नका, त्याच्या हातावर पाणी घाला. आणि स्वतःला सर्दी असली तर मायेपोटीच लांब राहा. सातव्या सकाळचं तेवढं सांगते आणि रजा घेते.

त्या सकाळी कय्युमची सर्दी गेली होती. तो आपणहून माझ्यापुढं बसला आणि बाह्या वर केल्या. "रुक्सार बेटा, पाणी घाल." त्यानं इतका वेळ हात चोळले की शेवटी तिनंच पाणी ओतलं. मग तिनं झीशानला त्याच्या हातांत दिलं. झीशाननं त्याचं बोट घट्ट धरलं आणि सरळ तोंडात घातलं. सगीरा घाबरून पुढं झाली.

"असू द्या, अम्मी," रुक्सार म्हणाली. "धुतलेलं हाय."