भिंगरीनं विचारणं सोडलं तेव्हा

“पत्ता नुसता ऐकू नकोस, लिहून घे. आणि गेल्यावर तिचा आवाज ऐक, नुसत्या मेसेजवर राहू नकोस,” असं नणंदेनं बजावलं होतं. भावजयीनं ते हसण्यावारी नेलं. नणंद विद्यापीठात माणसांच्या तस्करीवर संशोधन करायची. तिला बिस्किटाच्या पुड्यातही काहीतरी काळंबेरं दिसतं, असं घरात सगळेच म्हणत.

जाणार होती ती भिंगरी, वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंची भाची. भावजयीच्या बाळाला, ढब्बूला, वर्षभर तिनंच सांभाळलं होतं. एका जागी टिकायची नाही, म्हणून भिंगरी. परगावच्या पॅकिंगच्या कारखान्यात दुप्पट पगार, राहणं फुकट, असं कुणीतरी फोनवर सांगितलं आणि पोरगी हरखून गेली. भावजयीनं तिला नवी बॅग घेऊन दिली. पत्ता तेवढा घ्यायचा राहिला.

पहिले आठ दिवस मेसेजांचा नुसता भडिमार. ढब्बूला नवा दात आला का? चमच्यानं खातो, की अजून थुंकतो? मावशीचे गुडघे कसे आहेत? मग एकदम, ‘मी मजेत आहे. काम छान आहे. काळजी नको.’ रोज तेवढंच. ढब्बूचे फोटो पाठवले तर त्यावर नुसता अंगठा. चार पैसे दिसले नि आम्हाला विसरली, म्हणून भावजय चक्क रुसली. तीन आठवडे रुसून बसली आणि एका दुपारी गाऱ्हाणं घेऊन नणंदेच्या खोलीत गेली.

तिथे खुर्चीवरच्या फायली उचलल्याशिवाय बसायची सोय नव्हती. सहा वर्षं नणंद तस्करीतून सुटून आलेल्यांच्या घरी जाऊन बसत होती. ते विश्वासानं हातात देतील तेवढे जुने मेसेज ओळीनं वाचत होती. एक्याऐंशी घरं झाली होती. त्यातून तिला दिसलं होतं ते एवढंच, की माणूस अडकला की त्याच्या मेसेजातली घरची विचारपूस सगळ्यात आधी थांबते. लिहिणारा दुसराच असतो, आणि काय विचारायचं हे त्याला ठाऊक नसतं.

गाऱ्हाणं ऐकता ऐकता नणंदेनं हातातलं पेन खाली ठेवलं. “‘कुठे आहेस’ असं विचारू नकोस हं. फोन कुणाच्या हातात आहे, माहीत नाही. फक्त तिलाच ठाऊक असेल असं काहीतरी विचार.”

भावजयीनं लिहिलं, ढब्बू दुपारचा झोपतच नाही गं, तू काय करायचीस?

उत्तर आलं, ‘दूध द्या, झोपेल.’

भावजयीनं ते दोनदा वाचलं. भिंगरी ढब्बूला मांडीवर घेऊन चालू वॉशिंग मशीनला पाठ टेकून बसायची. त्या घरघरीशिवाय तो डोळाच मिटत नसे. धुवायला कपडे नसले तरी रिकामं मशीन फिरायचं, त्यावरून घरात रोज थट्टा व्हायची.

“ताई, ही भिंगरी नाही.”

‘मी सांगितलं होतं’ असं नणंद म्हणाली नाही. विचारपूस कोणत्या तारखेला थांबली, तेवढं तिनं विचारलं. शिंपीणबाईंकडून नोकरी सांगणाऱ्याचा नंबर घेतला. तिच्या वहीत तो आधीच होता, दोन घरांच्या नावापुढे.

पोलीस चौकीत साहेब म्हणाले की सज्ञान मुलगी मर्जीनं गेली आहे, मेसेजही येतात, मग तक्रार कसली? नणंदेनं आवाज चढवला नाही. तिन्ही घरांचे मेसेज टेबलावर शेजारी शेजारी मांडले. तिघींचं ‘मी मजेत आहे’ अक्षर न अक्षर सारखं होतं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत वाचलं आणि तक्रार लिहून घेतली.

पोलिसांनी त्या नंबरचा माग काढला, आणि बाराव्या दिवशी एका गोदामाच्या कुलूपबंद शटरमागे भिंगरीसकट नऊ जणी सापडल्या. नऊ फोन मुकादमाच्या खणात होते आणि नऊ घरांना तोच उत्तरं देत होता.

भिंगरी परत आली ती कोपऱ्यात बसून राहिली. तिला खोदून काही विचारायचं नाही, असं नणंदेनं सगळ्यांना बजावलं होतं. या वेळी भावजयीनं ते तंतोतंत पाळलं. चौथ्या दिवशी भिंगरी आपणहून म्हणाली, “मशीन लावायचं का? ढब्बू पेंगतोय.” भावजय स्वयंपाकघरात जाऊन मनसोक्त रडली. नणंद मात्र विचारपूस परत सुरू झाल्याची तारीख वहीत लिहून पुढच्या घरी निघाली होती.

तुमच्याही ओळखीचं कुणी लांब कामाला गेलं असेल, रोज ‘मजेत आहे’ म्हणत असेल आणि तुमचं काहीच विचारत नसेल, तर रुसू नका. आज त्याचा आवाज ऐका.