दुसरी ट्रायल

शिंप्याच्या मुलीने मॅनेजमेंट शिकावं, ही हौस शिंप्याचीच. दुकान विद्यापीठाच्या फाटकासमोर. कंपन्या मुलं निवडायला आल्या की बाबांना मान वर करायला फुरसत नसे. "तुझा कोट सगळ्यात शेवटी," ते तिला म्हणत. "घरचं गिऱ्हाईक रांगेत उभं राहील."

यंदा मंदीने रांगच गिळली. मुलं मापं देऊन गेली, पहिल्या ट्रायलला आली आणि कंपन्या येणार नाहीत असं कळल्यावर दुसरीला फिरकलीच नाहीत. कच्च्या टाक्यांचे कोट हँगरला लटकत राहिले. बाबा रोज त्यांची धूळ झटकत. एका दुपारी इस्त्री तापत ठेवून ते खुर्चीत टेकले, ते उठलेच नाहीत.

मग, सगळ्यांनी आशा सोडल्यावर, एक कंपनी येते म्हणाली. जागा एकच. चाळणीतून उरले दोघे, ती आणि वर्गातला लंबू.

मुलाखतीच्या आदल्या सकाळी लंबू दुकानाच्या दारात घुटमळत होता.

"काकांनी माझा कोट... म्हणजे, झाला असेल तर."

"नाही झालेला. आत ये. वाकून ये, नाहीतर उद्या कंपनीला टेंगूळ दाखवशील."

आई कोपऱ्यात काजं करत होती. तिने लेकीला जवळ ओढलं. "तुझाही कच्चाच आहे. एका दिवसात एकच होईल. त्याचा शिवून त्यालाच नोकरी देतेस का?"

"त्याचं माप बाबांनी घेतलंय, आई."

"आणि तुझं काय परक्याने घेतलं होतं?"

आपल्या कोटाचा पाठीवरचा झोल आपल्याला दिसत नाही, तो बाबा बघायचे, एवढंच तिला ठाऊक होतं. तिने लंबूला त्याचा कच्चा कोट चढवून आरशासमोर उभं केलं. त्याचा डावा खांदा उतरलेला होता. तिथे बाबांची खडूची रेघ होती, किंचित पुसट. त्या रेघेवरून तिने मशीन चालवली.

दुसऱ्या दिवशी ती साध्या शर्टात गेली. बाहेरच्या बाकावर लंबू तिच्याशेजारी ताठ बसला होता, श्वाससुद्धा जपून घेत होता. कंपनीचा माणूस आला, त्यांच्याहून जेमतेम मोठा. टाय सैल.

"सकाळी हेड ऑफिसचा फोन आला," तो म्हणाला. "भरती थांबवली. तुमची नावं नोंदवून ठेवतो." जाता जाता तो लंबूपाशी थांबला. "कोट मस्त बसलाय. कुठे शिवलास? मलाही लागेल. पुढच्या महिन्यापासून मीही तुमच्याच बाकावर."

लंबूने तिच्याकडे पाहिलं.

"शिंपी गेले," ती म्हणाली.

दुकानात आल्यावर तिने हँगरवरून आपला कोट काढला, पांढऱ्या कच्च्या टाक्यांसकट अंगात घातला आणि आरशाकडे पाठ केली.

"आई, झोल आहे का बघ."

आई उठली. मागे येऊन उभी राहिली. "आहे."

"टाचणी लाव."

"आता कशाला, बाळा?"

आईने टाचणी उचललीच नाही. झोल होता तिथे नुसता तळवा टेकवला आणि तसाच दाबून धरला.