सवाष्णीच्या हातचं पाणी

साल अठ्ठ्याऐंशी, मार्गशीर्षातला बुधवार. मुलुंडच्या एका चाळीमागच्या विहिरीचं पाणी नेहमीसारखं गुलाबी होतं आणि रुक्मिणी नेहमीसारखी त्यानेच नातीला न्हाऊ घालत होती. पलीकडे कापड रंगवण्याचा कारखाना निघाल्यापासून हा रंग गेलाच नव्हता. पालिकेचा नळ तासभर यायचा, तो पिण्यापुरता. तीन वर्षांच्या माणिकच्या पायांवर चट्टे उठले होते. पाणी पडलं की पोर कळवळायची. चाळीने अर्जांवर अर्ज केले, पण कारखान्याच्या मालकाला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं.

माणिकची थोरली काकू नलिनी. नवरा जाऊन चार वर्षं झालेली. ती एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. तिथल्या श्यामकांत सरांनी कौलाच्या तुकड्यांवर एक लेप बसवला होता. भिंतीच्या रंगात असते ती पांढरी पूड आणि करवंटीचा कोळसा यांचा. कोळसा पाण्यातला रंग धरून ठेवी आणि ऊन लागलं की पांढरी पूड तो तोडून टाकी. तुकडे एका उथळ ट्रेमध्ये, वर काच, आणि पिंपातून हळूहळू वाहणारं पाणी. नलिनीने हा ट्रे सरांकडून मागून आणला आणि विहिरीशेजारी स्वतः बसवला. उद्या दुपारी सर बघायला येणार होते. जमलं तर चाळीला असे दहा ट्रे मिळणार, नाहीतर ते दुसऱ्या वस्तीला जाणार.

एवढं सगळं जिने केलं तिनेच ते सुरू करावं, हे शेंबडं पोरही सांगेल. पण आपल्याकडे वय वाढतं तसं शहाणपण आटत जातं.

"उद्या मार्गेसरचो गुरवार," रुक्मिणी म्हणाली. "पूजा करून पाणी सोडूया. तू पुढे येव नको, नलू. तुझो हात त्या पाण्याक लागाक नको."

"आणि खापऱ्या कोणी लावल्या, आई?"

"त्यो सुक्यो होत्यो. सुक्याक विटाळ नसता."

नलिनीला राग आला, तो तिने गिळला. मानापानापेक्षा माणिकचे पाय बरे होणं तिला मोठं वाटलं. इथेच ती चुकली. धाकटी जाऊ प्रेमा, माणिकची आई, दहावी पास होती. नलिनीने तिला बजावलं, "आठला पिंपाचा नळ सोड. काच पुसून ठेव. ऊन पडलं पाहिजे, बाकी काही करू नकोस."

"एवढंच ना? करते मी, ताई."

गुरुवारी तीनला नलिनी सरांना घेऊन आली. काचेवर हळदकुंकू फासलेलं, फुलांचा खच, आणि त्या सगळ्यावर नजर लागू नये म्हणून हिरवं लुगडं पांघरलेलं. सकाळपासून खापऱ्यांनी ऊन पाहिलं नव्हतं. खालच्या बादलीत पाणी गुलाबीच होतं.

"ओटी भरलीये ना," प्रेमा पुटपुटली. "आई लुगडं काढू देईनात. मी काय बोलणार?"

सर कोणावर रागावले नाहीत, तेच नलिनीला जास्त लागलं. "इथे नाही टिकायचं हे, बाई," एवढंच ते म्हणाले. दहा ट्रे दुसऱ्या वस्तीला गेले, विहिरीशेजारी हा एकच राहिला. चाळीने निकाल लावला तो असा, "पांढऱ्या कपाळाच्या बाईन केलेलां, ता फळतला कसां?"

शुक्रवारी नलिनीने रजा टाकली. हळदकुंकू खरवडून काढलं, काच धुतली आणि दिवसभर उन्हात ट्रेजवळ उभी राहिली. दुपारी बादलीतलं पाणी इतकं निवळलं की तळ दिसू लागला. गॅलऱ्यांमधून सगळ्या बायका बघत होत्या, एकही खाली उतरली नाही.

नलिनीने माणिकला उचललं आणि अंगणातच त्या स्वच्छ पाण्याने तिला आंघोळ घातली. पोर हसत होती.

प्रेमा जिना उतरली. तिने मुलीला नलिनीच्या हातून ओढून घेतलं, विहिरीवर नेलं आणि विटाळ जावा म्हणून गुलाबी पाण्याचे पाच तांबे तिच्या डोक्यावर ओतले. माणिक किंचाळत होती.

नलिनी विहिरीपाशी गेली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

"उद्या तीनला अशीच स्वच्छ पाण्याची बादली तुझ्या दारात ठेवीन, प्रेमा. परवाही ठेवीन. तुला ओतून टाकायची तर टाक. पण पोरीच्या समोर ओत, आणि का ओतलीस ते तिला सांग."

प्रेमा माणिकच्या पायांना खोबरेल लावत बसली होती.