सुट्टीच्या दिवशीचा भोंगा

ईस्टरच्या सोमवारी संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी वेस्टर लॉ खाणीचा भोंगा वाजला. एकदा लांबलचक, मग जरा थांबून पुन्हा तसाच.

त्या दिवशी इंग्लंडच्या डरहॅम परगण्यातल्या सगळ्या खाणी बंद होत्या. बंद खाणीचा भोंगा कशासाठी वाजतो, हे गावात चालायला लागलेल्या पोरालाही सांगावं लागत नाही. जमिनीखाली तेव्हा नऊ माणसं होती. पाणी उपसणारी आणि छताचे लाकडी टेकू बदलणारी. त्या नऊ जणांत जॉस हिंडमार्श होता.

जॉसची धाकटी बहीण डॉर्कस रेन त्या वेळी सासूबरोबर भांडी विसळत होती. हातातली थाळी तिनं खाली ठेवली की टाकली, हे तिला नंतर आठवेना. दार उघडं टाकून ती धावत सुटली. कांद्याच्या सालीत उकडून रंगवलेलं ईस्टरचं अंडं तिनं जॉससाठी एप्रनच्या खिशात ठेवलं होतं. ईस्टरला अंड्यावर अंडं टकरायचं आणि ज्याचं फुटेल तो हरला, हा भावाबहिणीचा जुना खेळ. ते धावताना मांडीवर आपटत राहिलं.

जॉस आज खाली असायलाच नको होता. तीन वर्षांपूर्वी छत कोसळलं तेव्हा तो एक दिवस आणि एक रात्र ढिगाऱ्यामागे अडकला होता. बाहेर काढल्यावर त्यानं सांगून टाकलं, पुन्हा खाली पाय ठेवणार नाही. तेव्हापासून तो वरच, कोळशातले दगड निवडायच्या कामावर होता. ते काम म्हाताऱ्यांचं आणि पोरांचं. लोक टोमणे मारत, तो ऐकून घेई.

आणि मग इटलीतून बोलावणं आलं. तुरिन शहरात चार देशांच्या क्लबांची फुटबॉल स्पर्धा होती आणि इंग्लंडकडून वेस्टर लॉच्या खाणकामगारांचा संघ जाणार होता. डॉर्कसचा नवरा रेफ या संघाचा गोलकीपर. उपव्यवस्थापकानं त्याला बजावलं होतं की पंपावर आपल्या जागी बदली माणूस देऊन जा, नाहीतर परत आल्यावर जागा मागू नकोस. रेफनं चार दारं ठोठावली, पण सुट्टी सोडायला कोणी तयार झालं नाही. शेवटी डॉर्कस स्वतः भावाकडे गेली आणि बारा दिवसांसाठी शब्द टाकला. जॉसनं विस्तवात दोन कोळसे टाकले. मग उठला आणि पलंगाखालून जुने बूट ओढून काढले.

आज त्याचा सातवा दिवस होता.

खाणीच्या फाटकाशी शंभरेक बाया जमल्या होत्या. कोणी रडत नव्हतं, कोणी काही विचारतही नव्हतं. नावं वाचून होईपर्यंत तोंड उघडायचं नाही, ही तिथली रीत. ज्यांचं माणूस खाली नव्हतं त्या आपोआप मागे सरकल्या आणि नऊ घरच्या बाया पुढे राहिल्या. डॉर्कसच्या मनात एकच गोष्ट होती. जॉस आपल्या पायांनी गेला नव्हता, तिनं त्याला पाठवलं होतं.

इंजिनघराचं दार उघडलं आणि ओस्वाल्ड पीट पायऱ्यांवर आला. हा गावचा वाणी, क्लबचा चिटणीस. त्याच्या हातात कागद होता आणि टोपी डोक्यावर नव्हती. खाणीच्या तोंडाशी उघड्या डोक्याचा माणूस हातात कागद घेऊन आला की काय समजायचं ते सगळ्यांनी समजून घेतलं. डॉर्कसनं शेजारणीचा दंड धरला.

पीटला यातलं काहीच दिसलं नाही. टोपी त्यानं आनंदानं हवेत उडवली होती, ती बॉयलरच्या मागे जाऊन पडली होती. घसा साफ करून त्यानं तार वाचली. अंतिम सामना जिंकला. स्विस संघावर तीन-एक. रेननं पेनल्टी अडवली. कप आपला.

कोणी हललं नाही. पीटनं पुन्हा वाचलं, या वेळी जरा हळू.

"खाली काय झालंय?" डॉर्कसनं विचारलं.

"खाली?" पीट म्हणाला. "खाली कुठं काय झालंय? तुझ्या नवऱ्यानं पेनल्टी अडवली, बाई."

मग त्याला उमगलं. त्याचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला. जिंकल्याच्या आनंदात भोंग्याची दोरी ओढणारा इंजिनवाला कथबर्ट त्याच्या मागे उभा होता, तो आल्या पावली आत गेला.

पुढची दहा मिनिटं बायांनी पीटला जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. डॉर्कसची सासू दम खात सगळ्यांत शेवटी पोचली. तिनं आधी पूर्ण हकिकत विचारून घेतली, मग पीटच्या कानाखाली एक ओढली आणि लगेच विचारलं, "पेनल्टी कुठल्या हातानं अडवली?" तारेत ते नव्हतं. कुणीतरी हसलं, आणि मग सगळ्याच हसत सुटल्या. त्यांतल्या दोघी जमिनीवर बसून हसत होत्या आणि त्यांचे डोळे वाहत होते.

डॉर्कस हसली नाही. माणसं खाणीत वर-खाली नेणाऱ्या पिंजऱ्यावरच्या माणसाकडे जाऊन ती म्हणाली, जॉसला वर घ्या. तो म्हणाला, पाळी आठला सुटते, काही झालेलं नाही, आता घरी जा. ती जागची हलली नाही. अखेर त्यानं खाली घंटेचे ठोके दिले.

सात वाजून बारा मिनिटांनी पिंजरा वर आला. जॉस गुडघ्यापर्यंत भिजलेला, दिव्याच्या उजेडात डोळे मिचकावत बाहेर पडला. एवढी गर्दी पाहून तो थबकला. खाली भोंगा ऐकू येत नाही.

"कोण गेलं?" त्यानं विचारलं.

"कोणी नाही. आपण जिंकलो."

"मग मला कशाला वर ओढलंस? पंप चालू टाकून आलोय मी."

तिनं खिशात हात घातला. अंड्याला एका बाजूनं तडा गेला होता. त्यानं काळ्या बोटांनी ते घेतलं, फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "टकरीआधीच हरलीस तू." तिथंच उभ्या उभ्या सोलून त्यानं ते दोन घासांत संपवलं. 

घरी जाताना तिनं सांगितलं की उरलेले पाच दिवस त्यानं जाऊ नये, उपव्यवस्थापकाला ती काय ते सांगेल. रेफची जागा गेली तर गेली.

"त्यानं पेनल्टी अडवली म्हणतेस?" जॉसनं विचारलं.

"हो."

 ओले बूट जॉसनं उंबऱ्यापाशी काढले. रोज सुकायला तो ते चुलीशेजारी ठेवत असे, आज दाराबाहेरच राहू दिले.

कथबर्टला सकाळी कचेरीत बोलावलंय. कप घेऊन संघ शनिवारी पोचेल. सुट्टी संपल्यामुळे उद्यापासून पंपाची पाळी पहाटे चारला सुरू होणार, आणि रात्री नऊपर्यंत जॉसनं हो किंवा नाही, काहीच सांगितलेलं नव्हतं.