घरवाल्याची खुर्ची

साहेब, कमरोद्दीनला तुम्ही हॉलबाहेर काढलंत आणि कागदावर कारण लिहिलंत, उद्धटपणा. मी तिथंच माईक लावत होतो. काय झालं ते आता माझ्याकडून ऐका.

कॉलेजात पोरांची अभिरूप परिषद होती. एकोणऐंशी सालची, लुसाकाची राष्ट्रकुल परिषद. ऱ्होडेशियात मूठभर गोरे लाखो काळ्यांवर राज्य करतायत, तर त्या देशाला खरं स्वातंत्र्य कसं मिळवून द्यायचं, हा विषय. बारा देश, बारा खुर्च्या. त्या मांडत होता कमरोद्दीन, चौतीस वर्षं नोकरी झालेला शिपाई. सोमवारी रिटायर होणारा.

यजमान देश झालेल्या राजनंदिनीला त्यानं विचारलं, "बेटा, ज्यांच्या देशाचं चाललंय ते कुठं बसतेत?"

"ते नसतात चाचा. ते सदस्य नाहीत ना."

"मंजे वाटणी घराची, अन् घरवाला वसरीवर?" तो हसला. "आमच्या पिशोर गावात वाटणीला एखादा भाऊ आला नाय, तर त्याचा पाट मांडल्याबिगर कुणी तोंड उघडत नाय. पाट समोर असला की माणूस नीट बोलतो."

त्यानं तेरावी खुर्ची मांडली. पुढ्यात कपबशीसुद्धा ठेवली.

मग तुम्ही आलात. "ही कुणाची?"

"घरवाल्याची, साहेब."

"इतिहासात नव्हती ती. उचल."

"नसंल. तिथं मांडायला मी नव्हतो."

पोरं हसली. तुम्हाला ते झोंबलं. "उचल, नाहीतर सोमवारचा निरोप समारंभ रद्द!"

त्या समारंभाला हसीनाचाची येणार होत्या. नवऱ्यानं उभी हयात घालवलेलं कॉलेज त्यांनी आतून कधी पाहिलं नव्हतं. कमरोद्दीननं खुर्चीच्या पाठीवरून फडकं फिरवलं.

"मंग रद्द करा. पण माझ्या हातनं ही उठायची नाय."

शेवटी खुर्ची तुम्हीच उचललीत. ती बाहेर, तोही बाहेर. तीन तास तो व्हरांड्यात तिच्या बाजूला उभा राहिला.

"बसा की चाचा," मी म्हणालो.

"माझी नाय ना ती."

सोमवारी हॉलला कुलूप होतं.

आता सांगा साहेब. या कॉलेजात शिपायाच्या निरोपालाही खुर्च्या शिपाईच मांडतो. समारंभ झाला असता, तर कमरोद्दीनची खुर्ची कुणी मांडली असती? लेखी उत्तर द्या.