दमट फिल्म

सुगुणाच्या कपाळाची शीर सकाळपासून ताडताड उडत होती. प्रबंधाआधीचं तिचं शेवटचं सादरीकरण होतं. समोर बाहेरगावचे परीक्षक भास्कर राव बसले होते आणि टेबलावर तिची फिल्म होती, कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ, आत लिथियमचं मीठ आणि कार्बनची काजळी घातलेली. एक टोक तापवलं की दोन टोकांमध्ये वीज उभी राहायची. ही वीज कार्बनमुळे भरमसाट वाढते, असं सांगणारा शोधनिबंध तिचे गाईड वादिराज उडुप यांनी छापायला धाडून दिला होता.

शुद्ध थाप होती ती. उडुपांच्या प्रयोगशाळेची रीतच अशी होती की भट्टीतून काढलेली फिल्म रात्रभर उघड्यावर ठेवायची. फिल्मला जरा हवा लागू दे, असं सर म्हणायचे. तेही मंगळूरच्या पावसाळ्यात, जिथे तळलेला पापड पानात वाढेपर्यंत वातड होतो. ओल ओढणारे सिलिका जेलचे दाणे कधीच निळ्याचे गुलाबी झाले होते, पण ते भाजून कोरडे करायची तसदी कुणी घेत नव्हतं. तीन वर्षं सुगुणानेही निमूटपणे फिल्म खिडकीत ठेवली, याचा तिला सगळ्यात जास्त राग येत होता. मे महिन्यात तिने फिल्म एकदा नीट कोरडी करून मोजली, तर विजेचा आकडा दहाव्या हिश्श्यावर आला.

सरांनी कोरड्या फिल्मच्या आकड्यांचा रकानाच निबंधातून उडवला आणि वर पहिलं नाव तिचं घातलं. ती जाब विचारायला गेली तेव्हा ते केळ्याच्या गोड बन्सचा तुकडा मोडत म्हणाले, "तुझाच हात चुकला असेल. आणि कोरड्या आकड्यावर तुला डॉक्टरेट कोण देणार आहे?"

तोंड उघडलं तर चार वर्षं पाण्यात, मिटलं तर जन्मभर खोट्या आकड्यावर तिचं नाव.

हे कार्बनमुळेच होतं कशावरून, असं रावांनी विचारलं. उडुप मध्येच बोलू लागले. सुगुणाने त्यांच्याकडे बघितलंही नाही. तिने हीटर बंद केला, दोन्ही टोकं सारखी गार होऊ दिली, रावांना मीटर दाखवला. शून्य. मग ती वाकली आणि एका टोकावर तोंडाची वाफ सोडली.

तापमानाचे आकडे जेमतेम अर्ध्या अंशाने हलले. वीज मात्र सरसर चढली.

"काजळी नाही सर, ओल आहे ही," ती म्हणाली.

राव उठून आले, चष्मा चढवून त्यांनी स्वतः वाफ सोडली. आकडा पुन्हा चढला. त्यांनी वळून उडुपांना बोलावलं, "या, तुम्हीही बघा करून." उडुप समोरचे कागद गोळा करू लागले.

"प्रबंध असा चालणार नाही," राव तिला हळूच म्हणाले. "सगळं नव्याने मोजायला दोन वर्षं तरी जातील."

"जाऊ देत," सुगुणा म्हणाली. "आज आधी सिलिका भाजते."